चाकातला चुडा

यांच्या फटफटीच्या चाकाच्या तारा आपण चकचकीत कराव्यात, असं मला मंगळवारी सकाळी वाटलं. दुपारी हे त्याच फटफटीवरून साहेबांना भेटायला संगमेश्वरला जाणार होते, आणि खाऱ्या वाऱ्याने तारांना गंज धरला होता. शिवाय पतीच्या आवडीत पत्नीने रस घ्यावा, असं एका मासिकात वाचलं होतं. (लेखिकेच्या पतीकडे फटफटी नसावी.)

आठ महिन्यांच्या रघूला पाळण्यात निजवलं, राख आणि नारळाचं सोडण घेतलं नि पुढच्या चाकाशी बसले. पलीकडच्या तारा पुसायला हात कोपरापर्यंत आत घातला. (उठून पलीकडे जाऊन बसता आलं असतं. हे मला पुढे घरादाराने सांगितलं.) बांगड्या आत जाताना एकामागून एक शहाण्यासारख्या गेल्या; बाहेर येताना सगळ्या आडव्या झाल्या. हात अडकला!

"अहोऽ!"

हे धावत आले, पाठोपाठ सासूबाई. खोबरेल झालं, साबण झाला, हात तिथेच. इतक्यात आत रघूने भोकाड पसरलं. शेजारचे जैनुद्दीनभाई, लाँचवरच्या इंजिनाचे जाणकार, गडग्यावरून डोकावले.

"वैनी, घाबरू नका. एक तार कापतो, हात मोकळा."

"तार?" हे किंचाळले. "दुसरी मुंबईहून बोटीने यायला महिना लागेल! बांगड्या फोडा."

"अरे, जिभेला काही हाड?" सासूबाई कडाडल्या. "मंगळवारी सवाष्णीचा चुडा फोडायचा? तुझ्याच जिवावर बेतेल ते!"

"माझा जीव मी बघतो गं आई. तू तारेचं बोल."

मी इंग्रजी चौथीपर्यंत शिकलेली. असलं काही मानत नाही, असं चार बायकांत ठासून सांगणारी. पण दुपारी हे ज्या चाकावर घाटातली वळणं घेणार, त्याच चाकात बांगडी फुटायची?

"हात तुटला तरी चालेल," मी रडत म्हणाले, "पण बांगडी फुटू देणार नाही!"

सासूबाईंनी लग्नानंतर प्रथमच माझ्याकडे कौतुकाने पाहिलं.

आणि आत रघू एकदम गप्प झाला.

रडत होता तेव्हा काळजी होतीच, पण गप्प? पडला? काही गिळलं? मी असा हिसडा दिला की काचा खळकन् अंगणभर उडाल्या, नि मी पाळण्याशी! चिरंजीव पायाचा अंगठा चोखत होते.

मनगटावर हळद दाबून बाहेर आले, तर सासूबाई माझ्याकडे बघेनात.

"अहो, आज नका ना जाऊ," मी हुंदका देत म्हटलं.

"खुळी की काय! तारा शाबूत आहेत." यांनी फटफटी ऐटीत पुढे ढकलली. चार पावलांवर फुस्सऽ झालं. टायरात माझ्याच बांगडीची काच.

"बघ! सुनेच्या चुड्यानेच राखलं तुला," म्हणून सासूबाईंनी हात जोडले. मीही (इंग्रजी चौथी) मुकाट जोडले.

हे सर्व्हिस मोटारीने गेले. जाताना एवढंच म्हणाले, "मागच्या चाकाला हात लावू नकोस. ते अजून चालतंय."