बाजी बसत नाहीत

शाहीन बाजी कधी बसत नाहीत. बैठकीत उभ्या, चहा उभ्यानं, आणि डोक्यावरचं हेल्मेटही सहसा काढत नाहीत. "सरकार मला फिरायचे पैसे देतं, बसायचे न्हाई," असं त्यांचं म्हणणं.

म्हणण्यात तथ्य आहे. मी दिंद्रुडजवळच्या एका गावात आशा सेविका आहे. आम्हाला कामागणिक मोबदला. बाळंतपण दवाखान्यात झालं, बाळाला लस टोचली, की आमच्या नावावर नोंद. बाजी आमच्या गटप्रवर्तक, म्हणजे आमच्या वरच्या. आमच्या कामावर लक्ष त्यांनी ठेवायचं, आमच्या चुका त्यांनी निस्तरायच्या, आणि त्यांना मिळतो तो मुख्यतः गावभेटींचा भत्ता. त्यातला बराचसा त्यांची स्कूटी पिऊन टाकते.

चुका बहुतेक माझ्याच. एकदा मी गावातल्या एका आजोबांना गरोदर मातांच्या यादीत घातलं. बाजी रागावल्या नाहीत. "यांना कितवा महिना हाय?" एवढंच विचारलं. ते आजोबा अजून माझ्याशी बोलत नाहीत.

मोबदला वाढावा म्हणून आम्ही बीडला धरणं धरलं, तेव्हा गटप्रवर्तकांची बाजू मांडायला सगळ्यांनी मला पुढं केलं, कारण माझा आवाज मोठा. माईक हातात आला आणि पाठ केलेलं सगळं डोक्यातून गेलं. मी आशांच्या झिजलेल्या चपलांवर बोलले, मोबाईलवरच्या नोंदींवर बोलले, माझ्या गुडघ्यांवरही बोलले. गटप्रवर्तक हा शब्दच राहून गेला. टाळ्या मात्र पडल्या. सगळ्यात मोठ्यानं बाजींनीच वाजवल्या.

पुढं आदेश निघाला. आमचा मोबदला वाढला. गटप्रवर्तकांच्या वाट्याला जवळपास काहीच आलं नाही. मी पेढे आणले, आणि नेमकी तेव्हाच बाजींची स्कूटी दारात. घाईघाईनं पुडा पिठाच्या डब्यात खुपसला. बाजींनी माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, तोंडाला पेढा लागलाय, आण इकडं. पिठात लोळलेला पेढा त्यांनी चवीनं खाल्ला. तुमचंही होईल पुढच्या वेळी, असं मी काहीतरी पुटपुटले.

"हुईल. चल, टोळी निघाली."

गावाबाहेर ऊसतोडीची टोळी ट्रॅक्टरवर चढत होती. तिच्यात सविता होती, पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. तिकडं कारखान्यावर बाळंत झाली तर माझ्या नावावर काही नाही, आणि बाजींची ही भेटही कशात धरली जाणार नाही. हे मी त्यांना ऐकवलंसुद्धा, कारण मी तशीच आहे. बाजींनी लक्ष दिलं नाही. सविताला गोळ्या दिल्या, काय काय झालं तर लगेच दवाखाना गाठायचा ते पुन्हा समजावलं, आणि आपला नंबर तिच्या फोनमध्ये घातला.

"रोज सांजच्याला फोन कर. काय दुखत नसलं तरी."

"दुखत नसलं तर कावून करू?" सवितानं विचारलं.

बाजींनी हेल्मेटचा पट्टा आवळला. "लेकी नांदायला गेल्या. यांना जाऊन लई दिस झाले. घरात बोलायला कुनी न्हाई. फोन वाजला की बरं वाटतंय."

ट्रॅक्टर गेला. बाजीही गेल्या.

त्या दिवशी भाकरी थापता थापता मीच त्यांना फोन लावला.

"काय बाई, रिपोर्ट राहिला का?"

"न्हाई बाजी, दिलाय की."

"मंग?"

"मंग काय न्हाई. भाजी कशाची केली?"

मग बाजी मेथीबद्दल बोलायला लागल्या, आणि इतकं बोलल्या की तव्यावरची माझी भाकरी करपून कोळसा झाली.