भर सकाळचा अंधार

पडदे लावायला माणूस बोलवायचा, म्हणजे भांग पाडायला न्हावी बोलवण्यासारखं आहे, असं मी परवा सासूबाईंना ऐकवलं. त्या भाजी निवडत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

माझी बायको नर्स आहे. या महिन्यात तिला अतिदक्षता विभागात रात्रपाळी लागलीय. तिथे नेमणूक मिळावी म्हणून बिचारीने वर्षभर वाट पाहिली. पण मागच्या पाळीत तिला उभ्या उभ्या डुलकी लागली आणि मेट्रनबाईंनी नेमकी पाहिली. पुन्हा दिसलं तर दुसऱ्या वॉर्डात पाठवीन, असा दम मिळाला. घरी आली ती लालभडक डोळ्यांनी.

"अहो, दिवसा झोपच लागत नाही," ती म्हणाली. मग जरा अडखळली. "उजेड फार येतो."

"एवढंच ना? तुला घरात अमावास्या आणून देतो."

मी घरी बसून फोनवर विमा विकतो, त्यामुळे वेळेचा मालक मीच. तडक दुकान गाठलं. दुकानदाराने जाडजूड कापडाचे तयार शिवलेले पडदे पुढे टाकले. मागच्या बाजूला रबरासारखा पांढरा थर. "यातून सूर्यसुद्धा येणार नाही, साहेब." नुसत्या शब्दावर विश्वास ठेवायला मी काय गिऱ्हाईक आहे? एक पडदा डोक्यावरून घेतला, खरंच काही दिसेना, आणि त्या आनंदात चालायला लागलो तो एका बाईंच्या पिशवीत पाय घालून पडलो. बांधून देताना दुकानदार धुण्याबद्दल काहीतरी सांगत होता. मी त्याला आगीच्या विम्याबद्दल सांगत होतो.

सासूबाईंचा नियम असा, की कोरं कापड धुतल्याशिवाय वापरायचं नाही. अंगालाही नाही आणि खिडकीलाही नाही. "किती जणांचे हात लागलेत कोण जाणे. घाला गरम पाण्यात." मी घातलं. मागची बाजू चिकट लागली म्हणून ब्रश घेतला. बादलीत पांढरे पापुद्रे तरंगायला लागले.

"मळ बघा किती निघतोय," सासूबाई समाधानाने म्हणाल्या. मी आणखी जोर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बायको आली आणि दोन घास खाऊन आडवी झाली. पडदे वाळले होते. "तू झोप, मी एवढ्यात लावतो," असं म्हणून मी ड्रिल मशीन भिंतीला टेकवलं. ती पलंगासकट हादरली. पहिलं भोक वाकडं गेलं म्हणून शेजारी दुसरं पाडलं, दुसरं सैल झालं म्हणून तिसरं. ती डोक्यावर उशी घेऊन पडून होती, आणि मी दर भोकाला तिला हलवून सांगत होतो, "हे शेवटचं."

पडदे चढवले, ओढले, आणि बघतो तर काय, भर सकाळी खोलीत चांदणं! थर निघाला होता तिथे तिथे उजेडाचे ठिपके चमकत होते. मळ समजून आम्ही अंधारच धुऊन काढला होता.

पण हार मानेल तो विमा एजंट कसला. स्वयंपाकघरातून चंदेरी फॉइल आणली आणि खुर्चीवर चढून काचांना चिकटवली. चुर्रर्र, चुर्रर्र. अखेर अंधार झाला! तेवढ्यात दारावरची बेल वाजली आणि वाजतच राहिली.

समोरच्या इमारतीतले निवृत्त हेडमास्तर काळा चष्मा लावून दारात उभे.

"तुमच्या खिडकीचं ऊन आमच्या घरात येतंय. आमच्या हिला कढईत काय आहे ते दिसेना."

"सर, हळू बोला, माझी बायको झोपलीय," मी त्यांच्यावर ओरडलो. मग त्यांनी वर्गातला आवाज काढला. मी धंद्यातला काढला. शेवटी फॉइल काढायचं कबूल करून त्यांना घालवलं, पुन्हा खुर्चीवर चढलो आणि तोल गेला. पडदा धरला तर पडदा आला. त्याच्यामागून दांडी आली, आणि भिंतीचा ढलपाही आला.

पडद्यातून डोकं बाहेर काढलं तर बायको समोर उभी. चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं. ती नुसती रडत होती. उशी घेऊन ती हॉलमध्ये गेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आज रात्री तिला पुन्हा जागायचं होतं, आणि तिची झोप मोडायला मी एकटा पुरेसा होतो.

पसारा आवरेपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. मग चोरासारखा हॉलमध्ये गेलो. ती बाल्कनीच्या दाराशी सतरंजीवर झोपली होती. ऊन थेट तोंडावर, आणि चक्क घोरत होती! निदान सावली तरी धरावी म्हणून मी छत्री आणली. सासूबाईंनी मला हाताला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"ठेवा ती," त्या कुजबुजल्या. "तिला उजेडाचं काही नसतं. लहानपणी भर उन्हात गच्चीवर झोपायची."

"मग उजेड येतो का म्हणाली?"

सासूबाईंनी पातेलं उगाच इकडचं तिकडे केलं. "तुम्ही तिच्या दारासमोर येरझारा घालत फोनवर बोलता ना, दिवसभर. मी म्हटलं, सांग त्यांना. तर म्हणाली, त्यांना वाईट वाटेल, त्यापेक्षा उजेडाचं म्हणते."

धंद्यात मोठ्याने बोलावंच लागतं, हे मी त्यांना समजावून सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं.

"हळू," त्या म्हणाल्या.

मी फोन घेऊन जिन्यात जाऊन बसलो. दिवसभराची गिऱ्हाइकं तिथूनच गाठली.

संध्याकाळी ती ड्यूटीला निघाली तेव्हा चेहरा टवटवीत होता. चपला घालता घालता म्हणाली, "छान झोप लागली हो. पडद्यांचा उपयोग झाला."

पडदे कचऱ्याच्या पिशवीत होते, आणि ती पिशवी तिच्या पायाशीच होती. मी "हं" एवढंच म्हणालो, तेही कुजबुजत.