दिवाणखान्यातलं जहाज

सुट्टीत भाचीला दोनच कामं होती. गॉथिक कादंबऱ्यांवरचा कॉलेजचा निबंध पुरा करायचा आणि उरलेला वेळ मनसोक्त लोळायचं. धाकट्या भावाच्या दंग्यात घरी दोन्ही जमेना, म्हणून ती दहा दिवसांसाठी मावशीकडे आली. आल्या आल्या तिनं वहीत लिहिलं, 'अशा कादंबरीला एकाकी घर लागतं, बंद खोली लागते आणि काहीतरी लपवणारी माणसं लागतात.' मग खिडकीबाहेर बघून सुस्कारा सोडला. मावशीचं घर तिसऱ्या मजल्यावर, खाली दातांचा दवाखाना, आणि काकांच्या तोंडात तर तीळही भिजत नसे.

दुसऱ्या दिवशी दिवाणखान्याच्या भिंतीवर वादळात सापडलेलं जहाज होतं. तिसऱ्या दिवशी तिथे हंस पोहत होते.

"काका, जहाज कुठं गेलं?"

काकांनी ताटातून मान वर केली नाही. "या घरात काही गोष्टी विचारायच्या नसतात, बाळ."

भाचीच्या अंगावर आनंदानं काटा आला. चौथ्या दिवशी हंसांच्या जागी हत्तीच्या सोंडेचं घड्याळ आलं. दुपारी बोळाच्या टोकाच्या कुलूपबंद खोलीतून काहीतरी फरफटल्याचा आवाज आला. निबंध सपासप पुढे सरकू लागला. लोळायचं राहूनच गेलं.

पाचव्या दिवशी काका कामावर आणि मावशी बाजारात गेल्याबरोबर भाचीनं साखरेच्या डब्यामागे हेरून ठेवलेली किल्ली काढली आणि श्वास रोखून ते दार उघडलं.

आत फळ्याच फळ्या. फुलदाण्या, घड्याळं, कपबशा, वर्तमानपत्रात गुंडाळलेली चित्रं. प्रत्येकावर मावशीच्या अक्षरात चिठ्ठी: 'मोठ्या जाऊबाई', 'वन्सं', 'ह्यांचे साहेब'.

"झालं समाधान?" मागे पिशवी घेऊन मावशी उभी होती. "एकेकाची आवड बघ! टाकवत नाही आणि बघवतही नाही. मग ज्यानं दिलं तो यायचा असला, की तेवढं बाहेर मांडायचं."

"पण जहाज होतं त्या दिवशी कुणी आलं नव्हतं!"

"आल्या होत्या जाऊबाई. तू घोरत होतीस."

तेवढ्यात बेल वाजली. मावशीनं दाराच्या भोकातून पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. काकांची मोठी बहीण, न कळवता!

"वन्सं! हंस काढ, हंस! मी दारात थोपवते."

भाचीनं हाताला लागलेलं चित्र उचललं, धावत जाऊन टांगलं आणि कागद ओढला. जहाज निघालं. मागे वन्सं उभ्या होत्या.

"हे इथं कसं?"

भाचीला खोटं सुचेना. "मोठ्या जाऊबाईंनी दिलंय."

"तिनं? अगं, हे मी काढलंय! नव्या घरात गेली तेव्हा तिला दिलं होतं!" वन्संनी चित्र उलटं केलं. मागे त्यांची लफ्फेदार सही होती.

मावशीनं डोळे मिटून घेतले. पण वन्संचा आवाज एकदम ओला झाला.

"तिनं देऊन टाकलं, आणि तू दर्शनी भिंतीवर लावलंस! आपल्यात कलेची कदर असलेलं हे एकच घर." त्यांनी पदरानं डोळे टिपले. "ठरलं तर. चित्रकलेचा क्लास लावल्यापासून घरात चित्रांना जागा नाही. एकोणीस झालीत. उद्याच टेम्पोनं पाठवते."

"सगळी?" मावशीनं क्षीण आवाजात विचारलं.

"लाजू नकोस गं. तुझीच आहेत."

दुसऱ्या दिवशी टेम्पो आला. सोळा चित्रं कशीबशी भाचीच्या खोलीत मावली, पण मग भाची मावेना. दुपारी ती बॅग घेऊन निघाली, तेव्हा मावशीनं तीन रुंद पुडकी तिच्या बगलेत कोंबली.

"आईला दे, माझ्याकडून."

"मावशी!"

"मावशी काय? आणि सांग तिला," मावशी जिन्यावरून ओरडली, "मी येईन तेव्हा भिंतीवर दिसली पाहिजेत!"