शांत झोपेसाठी तीन तास

आमच्या सोसायटीत संध्याकाळी पाचला कुणाचा डोळा लागला असेल, तर तो खडबडून उठतो. कारण बरोबर पाचला तळमजल्यावरचे पगारेतात्या रस्त्याकडच्या खिडकीत स्पीकर मांडतात आणि मोबाईलवरून ‘शांत झोपेसाठी तीन तास’ लावतात. गाणं नाही, शब्द नाहीत. पन्नास-साठ गोरे लोक व्हायोलिनं, बासऱ्या आणि कसकसल्या पिपाण्या घेऊन एकत्र वाजवतात, ते. वाजवतात हळूच, पण तात्यांचा स्पीकर मिरवणुकीत चालेल असला. मध्येच दिंडोरी रोडच्या प्लॉटची जाहिरात लागते, आणि ती बाई अशी किंचाळते की पार्किंगमधली कुत्री भुंकायला लागतात. तात्या तिलाही मान डोलावतात.

तात्यांनी बत्तीस वर्षं अंबडच्या एका कारखान्यात प्रेसवर पत्रे ठोकले. त्यात एक कान पार गेला, दुसरा जेमतेम. कुणी हटकलं की त्यांचं एकच, “कायद्यात बोला.” दूधवाल्यालाही तेच. तिसऱ्या मजल्यावरचे देवरे म्हणाले, भजन लावलं असतं तर एक वेळ चाललं असतं, हे परदेशी रडगाणं कशाला? तात्या म्हणाले, भजन तुम्ही लावा, मी येतो ऐकायला. दहापर्यंत मुभा आहे, मी आठलाच बंद करतो, कायद्यात बोला.

सोसायटीची सेक्रेटरी मी. दुसरं कुणी तयार होईना, म्हणून. आम्ही तात्यांना चांगले हेडफोन भेट दिले. दुसऱ्या दिवशी खोका न फोडताच परत आला, वर वाटीभर सुक्या बोंबलाची चटणी. संताप आला. चटणी मात्र झकास होती, खोटं कशाला बोलू?

शेवटी सभेनं नोटीस काढली, स्पीकर बंद करा. ती घेऊन मी तावातच गेले. माझ्याही डोक्याला ताप झाला होता. म्हटलं, तात्या, हेडफोन लावायला तुमचं काय बिघडतं?

तात्यांनी नोटीस वाचली, घडी घातली आणि पहिल्यांदाच स्पीकरचा आवाज कमी केला.

“डॉक्टर म्हणतो, हा कानबी वर्षभरात जाईल. बत्तीस वर्षं कान कंपनीला दिले, मॅडम. उरलंय ते माझं. ते कशावर घालवायचं, ते मी ठरवणार. नाय बंद करणार.”

मग म्हणाले, जाडे आवाज येतात, बारीक व्हायोलिनं येतच नाहीत. प्रेसच्या गोंगाटात हाक ऐकू यायची नाही, म्हणून पत्रा नीट बसला की समोरचा माणूस हात वर करायचा, मग तात्या प्रेस मारायचे. घरी ते काम त्यांच्या बायकोनं, मंदाताईंनी घेतलं होतं. व्हायोलिनं सुरू झाली की त्या हात वर करायच्या. तो हात दिसला की तात्यांना ती व्हायोलिनं आतून ऐकू यायची. मंदाताईंना जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून स्पीकर खिडकीत. रस्त्यानं जाणारं कुणी थबकलं, कुणाचा चेहरा जरा सैल झाला, की तात्या समजायचे, आली असतील.

“हेडफोन लावला तर मला एकट्यालाच ऐकू येणार,” ते म्हणाले. “मग व्हायोलिनं आली, हे मला सांगणार कोण?”

मीच आवाज होता तेवढा केला आणि समोरच्या स्टुलावर बसले. थोड्या वेळानं व्हायोलिनं सुरू झाली. मी हात वर केला. तात्या त्या हाताकडे बघत राहिले.

“आली,” म्हणाले, आणि घळाघळा रडले. मीही रडले.

नोटीस मी सभेला परत केली. देवऱ्यांनी दोन दिवस तोंड फिरवलं, फिरवू देत. आता रोज पाचला मी त्या स्टुलावर असते. कुणाला तक्रार करायची असेल, त्यानं आठनंतर यावं. त्याआधी माझा हात मोकळा नसतो.