आमचा आडवा वामन

आमच्या गास गावातला वामन मोबाइल आडवा धरतो. तुम्ही म्हणाल, सिनेमा बघायला सगळेच धरतात. वामन बोलायलासुद्धा आडवाच धरतो. भाजलेला बांगडा दोन्ही हातांत धरून खावा, तसा तो फोन तोंडासमोर धरतो आणि "हॅलो, हॅलो" करून ओरडतो. फोनचं ऐकायचं टोक एका गालाशी, बोलायचं टोक दुसऱ्या गालाशी. पलीकडच्याला काय ऐकू जात असेल ते त्यालाच ठाऊक.

माझं घर त्याच्या घरासमोर, त्यामुळे हा तमाशा मला रोज फुकट बघायला मिळतो. वयाने मी मोठी, म्हणून मला आक्का म्हणतो, पण मान काडीचा देत नाही. नातीने मला एक फोन दिलाय. मी तो उभा धरला की रस्त्यापलीकडून हा ओरडतो, "आक्का, दाराच्या फटीतून काय बघतेस? आडवा धर!"

"मला फट पुरते," मी म्हणते.

मग त्याचं ठरलेलं वाक्य येतं. "देवाने मानसाला डोळे शेजारी शेजारी दिलेत, एकावर एक नाय."

"आणि नाक? ते उभं दिलंय ना?"

"नाकाने कोन फोन बघतो?"

असल्या माणसाशी काय बोलणार?

फोन फिरवला की आतलं चित्रही फिरतं म्हणे. वामनने दुकानदाराकडून ते फिरणंच बंद करून घेतलंय. त्याचा फोन कायमचा आडवा. आजकाल फोनवर ते नाचगाण्याचे उभे तुकडे येतात, तेही हा आडव्या फोनवर बघतो. मग मध्ये एक चिंचोळी बाई नाचत असते आणि दोन्ही बाजूंना काळोख. मी म्हटलं, "अरे, बाई दिसत नाही नीट." तर म्हणाला, "बाई किती दिसावी ते मी ठरवीन."

पेन्शन चालू राहायला दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवावं लागतं. आता ते फोनवर होतं, गोलात तोंड आणायचं. वामनने फोन आडवा धरला. फोन सांगतोय सरळ धरा, हा सांगतोय मी सरळच आहे. सकाळभर भांडला. शेवटी फोनने त्याला जिवंत मानायचं नाकारलं. मी केळी घेऊन जात होते, तर म्हणतो, "आक्का, मी मेलो." मी म्हटलं, "मग केळं नको ना?" तेव्हा कुठे वसईला जाऊन प्रत्यक्ष तोंड दाखवून आला.

लग्नात तर त्याला कोणी बोलावूच नये. फोटो काढणाऱ्यांच्या मागे उभा राहतो आणि लोकांचे फोन हाताने आडवे करतो. एकदा नवऱ्याच्या मामाचा फोन असाच आडवा करायला गेला, तो गेला वालाच्या आमटीत. मामा चिडले. वामन आमटीत हात घालून फोन काढतोय आणि वर सांगतोय, "बघा, पडतानासुद्धा आडवाच पडला."

आम्ही बायका चिंचोटीला धबधबा बघायला गेलो तेव्हा सामान उचलायला म्हणून याला नेलं. फोटो काढायला सांगितला, तर धबधब्याचं डोकंही नाही आणि पायही नाहीत, मधला तुकडा तेवढा आला. बायका मात्र सगळ्या आल्या. शिवाय एक अनोळखी बाईही आली, ती साडी पिळत होती.

"अरे मुडद्या, धबधबा उभा असतो!" मी ओरडले.

"धबधबा पुढच्या वर्षीपन इथेच असेल. तुमच्यातल्या किती असतील?"

बायका हसल्या. मी नाही हसले, कारण तो माझ्याकडे बघून म्हणाला होता.

आता त्याच्या घराचं सांगते. घर एकच, पण मध्ये भिंत. अर्ध्यात वामन, अर्ध्यात त्याचा थोरला भाऊ दामू. पुढचा ओटा एकच, त्यावर मध्ये लाल रंगाची रेघ ओढलेली. भांडण कशावरून, तर नव्या संडासाचं दार कुठल्या तोंडाला असावं. दामू म्हणाला विहिरीकडे, वामन म्हणाला रस्त्याकडे. तेवढ्यावरून दोन शहाणे म्हातारे बोलायचे थांबले. दार शेवटी वेगळ्याच बाजूला झालं, तरी हे बोलले नाहीत. दोघांच्याही बायका वारल्या. दामूला मूलबाळ नाही. वामनला एक मुलगी, प्राची. तिची आई गेली तेव्हा ती लहान होती. ती वाढली ती दामूच्या बायकोच्या हातचं खाऊन आणि दामूच्या सायकलवर बसून. आता ती ऑस्ट्रेलियात आहे. दामूकडे बटणांचा फोन आणि कान त्याहून जुने, त्यामुळे तिचं त्याच्याशी बोलणं होत नाही.

रविवारी सकाळी ती वामनला फोन करते, तोंड दिसणारा. वामन ओट्यावर बसतो, फोन डब्याला टेकवून आडवा ठेवतो. फोन घ्यायच्या आधी घसा खाकरतो, गाव गोळा होईल एवढा. रेघेपलीकडे दामू येऊन आपल्या खुर्चीवर बसतो आणि पेपर उघडतो. वामनकडे ढुंकून बघत नाही.

एका रविवारी मी पडवळ द्यायला गेले तेव्हा वामनच्या मागून फोनात डोकावले. वामन पार कडेला, त्याचा एक कान चित्राबाहेर. मला वाटलं, एवढं आडवं आडवं करतो आणि स्वतःला धड मध्ये बसवता येत नाही. तेवढ्यात प्राची म्हणाली, "बाबा, थोडं डावीकडे घ्या ना. अजून थोडं. हां, बस."

वामनने फोन सरकवला. आता त्याचा अर्धा गालही गेला. दुसऱ्या कडेला पेपर, आणि पेपरावर दामूचं टक्कल. पोरगी बापाशी बोलत होती आणि बघत होती त्या टकलाकडे. उभ्या फोनात रेघेपलीकडचं माणूस मावलं नसतं.

मी पडवळ ठेवलं आणि गप घरी आले. मला गप बसता येतं, लोकांना ते माहीत नाही.

परवाच्या रविवारी वामन खाकरला. दामू आला नाही. पुन्हा खाकरला. तिसऱ्यांदा खाकरला तेव्हा मीच बाहेर आले, म्हटलं याला टीबी झाला की काय. प्राची फोनवर आली होती. रेघेपलीकडे खुर्ची रिकामी.

"बाबा, मोठे काका कुठे आहेत?"

"असेल आत."

"जाऊन बघा ना."

वामन जागचा हलला नाही. माझ्याकडे वळून हळूच म्हणाला, "आक्का, सकाळपासून त्याचा कुकरपन वाजला नाय. जरा जाऊन बघतेस?"

"मी कशाला? भाऊ तुझा."

"तो माझ्याशी बोलत नाय."

"मग न बोलता बघ. मेला असेल तर तसाही बोलणार नाही."

मी वाईट बोलते, मला माहीत आहे. पण तो उठला. फोन तसाच दोन्ही हातांत आडवा धरून त्याने रेघ ओलांडली आणि दामूच्या दारातून आत गेला. मी मागोमाग.

दामू खाटेवर बसला होता. एरवी बनियनवर फिरणारा हा माणूस, त्याच्या अंगावर इस्त्रीचा पांढरा सदरा, एक हात बाहीत, दुसरा बाहेर लोंबतोय. खांदा धरला होता. हात वर जाईना, सदरा घालता येईना आणि सदऱ्याशिवाय ओट्यावर येईना. म्हणजे पेपरामागच्या टकलालाही सगळं ठाऊक होतं.

वामनने फोन माझ्या हातात दिला. भावाचा हात सावकाश उचलला, बाहीत घातला, सदरा खांद्यावर ओढला आणि पुढे वाकून बटणं लावायला लागला.

"गळ्याचं नको लावू," दामू म्हणाला. "आवळतं."

"बरं," वामन म्हणाला.

फोन मी पोटाशी पालथा धरला होता. आतून प्राची ओरडत होती, "आक्का, अंधार का झाला? मला काहीच दिसत नाहीये!"

"थांब गं जरा," मी म्हटलं, "कपडे चाललेत."