गायरानावरील उंदरांची अधिकृत गणना

उंदीर मोजल्याशिवाय माळरानाचे कल्याण होत नाही, हे आता सर्वमान्य आहे. त्यामुळेच मानोऱ्याजवळच्या एका तांड्याच्या गायरानावर 'चराईचा लहान सस्तन प्राण्यांवरील परिणाम' हा अभ्यास सुरू झाला. लहान सस्तन प्राणी म्हणजे उंदीर, ससा, मुंगूस वगैरे. (हाच उंदीर बांध ओलांडून शेतात गेला की त्याला औषध घालतात; पण ते खाते वेगळे.)

गायरानाचे दोन भाग झाले. एकाला तारेचे कुंपण आणि पाटी, 'चराई बंद'. दुसऱ्याला नुसतीच पाटी, 'चराई चालू'. चालू भागात तांड्यावरच्या कमलीबाईच्या अकरा बकऱ्यांनी महिनाभरात जमीन साफ केली. आता चारा मिळाला नाही तर बकऱ्यांना बाजार दाखवायची वेळ आली होती. बिचारी आपली अर्धी भाकर बकऱ्यांनाच घालत होती.

निरीक्षक अमरदीप सज्जन माणूस. रोज सकाळी शेंगदाणे लावलेले पिंजरे तपासायचा. त्याची नोंद: कुंपणात उंदीर तीन, ससे शून्य, मुंगूस एक (उंदीर तीनच का, हे मुंगसाला विचारावे). उघड्यावर उंदीर एकेचाळीस.

"उंच गवतात साप-मुंगूस दबून बसते, बाबू. उंदीर कायले मराले जाईन तिकडं?" कमलीबाई म्हणाली. "अन् माया बकऱ्या इकडं ढेकळं चाटून राह्यल्या."

"बराबर हाय काकू. पण चराईनं उंदीर कमी होते, असं अहवालात आधीच छापून आलं. माया आकडा उलटा निघाला. आता मी काय करू?"

छापलेला अहवाल बदलायला सात सह्या लागतात. पाटी बदलायला दोन खिळे. सबब पाट्यांची अदलाबदल करण्यात आली. अहवाल खरा ठरला. बकऱ्या नियमानुसार कुंपणातल्या गुडघाभर गवतात शिरल्या, आणि कमलीबाई त्या दिवशी पोटभर जेवली.

चार-पाच महिन्यांत कुंपणातले गवत संपले, उघड्यावरचे वाढले, उंदरांनी बिऱ्हाड हलवले. आकडे पुन्हा उलटे. पाट्यांची पुन्हा अदलाबदल करण्यात आली. असे चारदा झाले. बकऱ्या अकराच्या एकोणीस झाल्या, गायरान हिरवे राहिले, आणि पाहणीला आलेल्या पथकाने 'आलटून-पालटून चराई' या नव्या शोधाबद्दल अमरदीपला शाल-श्रीफळ दिले.

पाट्या कोणी बदलल्या, हे पथकाने विचारले नाही. तुम्हीही नाही विचारलेत. 'करण्यात आली' एवढे वाचून तुम्ही हातोडी बिनदिक्कत अमरदीपच्या हातात दिलीत. त्या बिचाऱ्याला खिळा ठोकता येत नाही. हातोडी कमलीबाईची होती.