निरानंद झुकझुकगाडी

आमच्या शहरातल्या मोठ्या बागेत एक झुकझुकगाडी आहे आणि ती माझी आत्या चालवते. गाडीला रूळ नाहीत, रबरी टायर आहेत. इंजिन म्हणजे बॅटरीवर चालणारा एक ठेंगू ट्रॅक्टर, त्याला पत्र्याचं नाक आणि खोटं धुराडं. मागे तीन डबे. तळ्याला वळसा, गुलाबांचे वाफे, सिमेंटचा बोगदा आणि परत फाटकाशी, अशा दिवसाला बावीस फेऱ्या होतात. कमाल वेग ताशी सहा किलोमीटर. घाईत असलेली बदकं तिला ओव्हरटेक करतात.

अकरा वर्षांत आत्याच्या नावावर एकच अपघात जमा आहे आणि त्यात चूक बदकाची होती. तिच्याकडे ट्रकपर्यंत सगळं चालवण्याचा परवाना आहे. दारूचं म्हणाल, तर खोकल्याचं औषधसुद्धा ती "कसला वास मारतोय याला" म्हणून दुकानात परत करते. तेव्हा नशेत वाहन चालवणाऱ्यांवर कडक कारवाई करायचं ठरलं, आणि ती आत्यापासून सुरू झाली, हे अगदी ओघानंच आलं.

सुरुवात अध्यक्षांनी केली होती. उद्यान मंडळाचे अध्यक्ष क्वाड बाईकचे शौकीन. क्वाड बाईक म्हणजे चार जाड चाकांची मोटारसायकल. ती वाळूत, चिखलात, डोंगरात कुठंही जाते, फक्त रस्त्यावर जात नाही. एका रविवारी दुपारी अध्यक्ष पोटभर जेवून, आणि जेवणाहून जास्त पोटभर पिऊन, तिच्यावरून बागेची पाहणी करायला आले. गुलाबांचे चार वाफे, एक बाक आणि 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी पाहून झाल्यावर त्यांनी तळं आतून पाहिलं. कमरेइतक्या पाण्यात उभं राहून त्यांनी बदकांना बाजूला होण्याचे तोंडी आदेशही दिले.

पोलीस आले. त्यांनी वास घेतला आणि कायद्याचं पुस्तक काढलं. पुस्तकात लिहिलं होतं की नशेत रस्त्यावर वाहन चालवणं गुन्हा आहे. मग तळं हा रस्ता आहे का, यावर तासभर चर्चा झाली. नाही, असं सर्वानुमते ठरलं. अध्यक्षांना टॉवेल देऊन घरी सोडण्यात आलं.

माझे बाबा, म्हणजे आत्याचे दादा, भडकले. भडकले की ते वर्तमानपत्राला पत्र लिहितात, आणि माझं अक्षर बरं असल्यामुळे प्रत्यक्ष लिहिण्याचं खातं माझ्याकडे असतं. 'दारू पिऊन गाडीची किल्ली हातात घेणारा माणूस हा मोकाट फिरणारा खुनी आहे,' हे वाक्य त्यांनी मला दोनदा अधोरेखित करायला लावलं. पत्र छापून आलं, लोक खवळले. लोकभावनेचा आदर करून तातडीने एक नियम समिती नेमण्यात आली, आणि विषयाचा प्रत्यक्ष अनुभव असलेले एकमेव गृहस्थ म्हणून तिचं अध्यक्षपद अध्यक्षांनाच देण्यात आलं.

समितीने 'मनोरंजनात्मक व रस्ताबाह्य वाहन चालक-शुद्धी नियमावली' तयार केली. पानं चौऱ्याऐंशी. कलम दोनमध्ये मनोरंजनात्मक वाहनाची व्याख्या होती: 'ज्यात बसल्याने बसणाऱ्यास आनंद होतो, असे रस्त्याखेरीज इतरत्र धावणारे कोणतेही वाहन.' शहरभर शोध घेतल्यावर अशी दोनच वाहनं सापडली. पैकी क्वाड बाईकबद्दल अध्यक्षांनी प्रतिज्ञापत्र दिलं की ते पाहणीच्या कर्तव्यावर होते, आणि कर्तव्यावर असताना झालेला आनंद हा आनंद धरता येत नाही. पुरावा म्हणून तळ्यातला फोटो जोडला होता. त्यात ते खरंच आनंदी दिसत नव्हते.

उरली झुकझुकगाडी.

सोमवारी सकाळी एक तरुण निरीक्षक खुर्ची, छत्री आणि फुंकयंत्र घेऊन फाटकाशी रुजू झाला. नियमाप्रमाणे प्रत्येक फेरीआधी चालकाने यंत्रात दहा सेकंद सलग फुंकायचं. आत्या मन लावून फुंकायची. यंत्र दर वेळी शून्य दाखवायचं आणि निरीक्षक दर वेळी यंत्र हलवून बघायचा. सोळाव्या फुंकरीनंतर आत्याला गरगरलं. नियमावलीत गरगरणं हे नशेचं लक्षण क्रमांक तीन आहे, आणि लक्षण दिसलं की रेषेवरून चालण्याची चाचणी.

रेषा फाटकापासून तिकीट खिडकीपर्यंत पांढऱ्या रंगाने मारलेली होती. मारणाऱ्या रंगाऱ्याला वाटेत आधी कारंजं लागलं, मग बाक, मग एक झोपलेला कुत्रा. भला माणूस होता तो. कुणालाही न उठवता त्याने रेषा पुढे नेली होती.

निरीक्षकाने आत्याला सरळ चालायला सांगितलं. आत्या सरळ चालली. निरीक्षकाने लिहिलं, 'रेषा सोडली. अनुत्तीर्ण.'

"साहेब, रेषाच वाकडी आहे," आत्या म्हणाली.

"असेल ना. पण रेषेची चाचणी माझ्याकडे नाही, मॅडम. माझ्याकडे तुमचीच आहे."

दुसऱ्या दिवशी आत्या शहाणी होऊन रेषेवर पाऊल न चुकवता चालली. कारंज्याला वळसा, बाकाला वळसा, कुत्र्याच्या जागेला वळसा. निरीक्षकाने लिहिलं, 'झुलत चालल्या. अनुत्तीर्ण.'

तिसऱ्यांदा अनुत्तीर्ण झाल्यास चालकाचा परवाना कायमचा रद्द आणि वाहन भंगारात, असं कलम एकोणीस सांगतं. त्या संध्याकाळी आत्या गळ्यातली शिट्टी काढायचं विसरून तशीच जेवायला बसली. बाबांनी अध्यक्षांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, आईने तिच्या ताटात न विचारता वाढलं. आत्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "घर दादाचं, स्वयंपाकघर वहिनीचं. माझं म्हणून काय, तर ते एक पत्र्याचं नाक." आणि हसली. तिचं ते हसणं मला मुळीच आवडलं नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी दोरा आणि फूटपट्टी घेऊन रेषा मोजली. चौदा मीटरमध्ये नऊ वळणं. आकृतीसह अर्ज केला. तोवर गरगरू नये म्हणून आत्या रोज पंधराव्या फेरीलाच गाडी उभी करत होती. तीन दिवसांत उत्तर आलं, म्हणजे प्रकरण त्यांनी गंभीरपणे घेतलं होतं: 'सदर रेषा मा. अध्यक्षांनी रविवारी दुपारी भोजनोत्तर स्वतः चालून तपासली असून ती त्यांना पूर्णपणे सरळ आढळली आहे.'

याच्यापुढे भूमितीचं काही चालेना. मग मी नियमावली पहिल्यापासून वाचायला घेतली (चौऱ्याऐंशी पानं म्हणजे इतिहासाच्या पुस्तकापेक्षा कमीच, आणि घोटाळे तेवढेच) आणि कलम दोनवर येऊन थांबले. आनंद होत असेल तरच वाहन मनोरंजनात्मक. होतच नसेल तर? मी नवा अर्ज लिहिला: 'सदर झुकझुकगाडीत बसल्याने कोणासही कसलाही आनंद होत नाही, सबब तिला ही नियमावली लागू करू नये.' तो वाचून आत्या माझ्याशी दिवसभर बोलली नाही. अकरा वर्षांचा अपमान झाला, म्हणाली. संध्याकाळी तिने सही केली.

प्रत्यक्ष पडताळणी शुक्रवारी ठरली. मी आमच्या शाळेतल्या दुसरीच्या वर्गातली तेहतीस पोरं गोळा केली आणि मधल्या सुट्टीत त्यांना दुःखाचं प्रशिक्षण दिलं. गुडघे जुळवा, समोर बघा, आणि हसू आलं की निकालाचा दिवस आठवा. एकाने विचारलं, दात दिसले तर चालतील का. दात दिसले की आत्याची गाडी गेली, असं मी सांगितल्यावर त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं, ते शुक्रवारपर्यंत सोडलं नसावं.

शुक्रवारी तेहतीस गंभीर चेहरे डब्यांत बसले. शेवटच्या डब्यात निरीक्षक 'आनंद-निरीक्षण तक्ता' घेऊन बसला. मी त्याच्या शेजारी. आत्याने शिट्टी वाजवली, तीही जरा दुःखातच वाजली. तळ्याशी एक बदक आम्हाला ओव्हरटेक करून गेलं. कुणी हसलं नाही. गुलाबांपाशी दुसरं बदक पडलं आणि उठून आजूबाजूला बघायला लागलं, कुणी पाहिलं तर नाही ना. एका मुलीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण दात दिसले नाहीत.

मग बोगदा आला. त्या बोगद्यात शिरल्यावर ओरडलं नाही असं पोर अजून जन्माला यायचं आहे. अंधार झाला. चाकांचा आवाज तेवढा. तेहतीस पोरांनी श्वास धरलेला मला कळत होता. आणि अगदी मध्यावर आमच्याच डब्यातून एक "ऊऽऽऽ" आलं, बोगद्याने ते परत पाठवलं, आणि त्यावर कुणीतरी खदाखदा हसलं.

उजेडात आलो तेव्हा निरीक्षकाने तक्ता तोंडावर धरलेला होता.

"लहानपणी यायचो इथं," तो म्हणाला. कान लाल झाले होते. "आता हे लिहावं लागेल मला."

मी पिशवीतून अध्यक्षांच्या प्रतिज्ञापत्राची प्रत काढून त्याच्यापुढे धरली आणि खूण केलेली ओळ दाखवली. "साहेब, तुम्ही कर्तव्यावर आहात. कर्तव्यावर असताना झालेला आनंद हा आनंद धरता येत नाही."

त्याने ती ओळ दोनदा वाचली. मग तक्त्यात एकूण आनंदासमोर शून्य लिहिलं आणि खाली ठसठशीत सही केली.

अशा रीतीने आमची झुकझुकगाडी अधिकृतपणे 'निरानंद वाहन' ठरली. तसं प्रमाणपत्र मिळालं आणि पत्र्याच्या नाकाखाली पाटी लागली: 'हे वाहन निरानंद आहे. प्रवाशांनी हसू नये. हसल्यास चालकावर कारवाई होईल.' तेव्हापासून पोरं तोंड मिटून फेरी पूर्ण करतात, शिस्तीत उतरतात आणि फाटकाबाहेर, जिथं मंडळाची हद्द संपते, तिथं रांगेत उभी राहून हसून घेतात. पण आत्या रोज बावीस फेऱ्या मारते. इंजिन तिचं राहिलं.

या विजयानिमित्त रविवारी बाबांनी आम्हा सगळ्यांना शहराबाहेरच्या हॉटेलात दुपारच्या जेवणाला नेलं. आत्याने प्रमाणपत्र सोबत आणलं होतं, ते टेबलावर पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवलं. बाबांनी भाषण केलं. अध्यक्ष, नियमावली, वाकडी रेषा, कुणाला म्हणून सोडलं नाही. प्रत्येक मुद्द्यानंतर ते ग्लास रिकामा करत होते आणि मुद्दे पुष्कळ होते. "बिअर ती काय, पाणीच," असंही मधे सांगत होते. वेटर बाटल्या लगेच उचलून नेत होता, त्यामुळे टेबल शेवटपर्यंत स्वच्छ राहिलं. मोकाट फिरणाऱ्या खुन्याचं वाक्य त्यांनी पाठ म्हणून दाखवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

बाहेर आल्यावर आत्याने हात पुढे केला. "दादा, किल्ली दे. मी चालवते."

बाबांना इतकं हसू आलं की त्यांनी गाडीच्या टपाचा आधार घेतला. "तू तुझं खेळणं चालव गं बाई. ही खरी गाडी आहे."

आई म्हणाली, "जाऊ दे ना ताई, आजचा दिवस तरी." मीही जरा हसले, कारण बाबा हसले की गाडीत वातावरण चांगलं राहतं. आत्याचा हात थोडा वेळ तसाच राहिला. मग तिने प्रमाणपत्र त्या हातात घेतलं आणि ती मागच्या सीटवर, मधोमध, जाऊन बसली.

परतीचा रस्ता नवा आहे. मधोमध पांढरी रेषा आहे, आणि ती अगदी सरळ आहे. गाडी कधी तिच्या या बाजूला होती, कधी त्या बाजूला. समोरून एक ट्रक भोंगा वाजवत अंगावरून गेल्यासारखा गेला, तेव्हा बाबांनी त्यालाच विचारलं की पिऊन चालवतोस का. आत्याने गळ्यातली शिट्टी मुठीत घट्ट धरली होती. फुंकयंत्र घेऊन कुणी उभं नव्हतं. प्रवाशांनी हसू नये अशी पाटी नव्हती, तरी कुणी हसत नव्हतं.

मागे आम्ही तिघं होतो. या बाजूला मी, मधे आत्या, आणि पलीकडे खिडकीशी, इतका वेळ हे वाचत अध्यक्षांना हसून दमलेले, तुम्ही. मला वाटलं होतं, निदान तुम्ही तरी काही बोलाल. पण तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.